ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासकाचा ठसा कुठे शोधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाची परदेशात ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवर पीएच.डी. करते आहे. शेकडो वेळा छापून झालेल्या, भाषांतरे आणि टीका लिहून झालेल्या ग्रंथांविषयी आता नवे सांगण्यासारखे काय उरले असेल, आणि अशा अभ्यासकाचे काम मोठे की किरकोळ हे विज्ञानातल्याप्रमाणे उद्धरणांच्या संख्येवरून, म्हणजे इतर संशोधकांनी ते काम किती वेळा संदर्भ म्हणून दिले यावरून, ठरते का, अशी घरातल्यांची शंका आहे.

या दोन भाषा शिकवण्यात आणि जुन्या संहितांच्या पाठचिकित्सेत, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ शब्द ठरवण्यात, माझी पंचवीसएक वर्षे गेली आहेत. उद्धरणांच्या आकड्यांशी माझे भांडण जुने आहे, हे आधीच सांगून टाकतो. एका निवड समितीवर मी बाहेरचा तज्ज्ञ म्हणून बसलो होतो. उमेदवार बाईंनी एका लॅटिन कवीच्या हस्तलिखितांवर नऊ वर्षे काम केले होते. समितीतले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक त्यांची माहिती चाळत म्हणाले, "यांचा एच-इंडेक्स चारच कसा?" (एच-इंडेक्स म्हणजे लेख किती आणि त्यांची उद्धरणे किती यांवरून काढलेला आकडा.) प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर हातातल्या कागदावर सापडणारे नव्हते. ते कुठे सापडते, हे दोन उदाहरणांवरून सांगतो. पहिले लवकर आटोपतो, कारण दुसऱ्यावर मला बरेच बोलायचे आहे.

पहिले उदाहरण कार्ल लाखमान या जर्मन पंडितांचे. लुक्रेशियस या रोमन कवीच्या महाकाव्याची त्यांची आवृत्ती १८५० मध्ये निघाली. या काव्याची नवव्या शतकातली दोन महत्त्वाची हस्तलिखिते नेदरलँड्समधील लायडन येथे आहेत. त्यांतल्या एकात ओळींचे चार गठ्ठे आपापल्या जागेवरून निघून थेट शेवटी जाऊन बसले आहेत, आणि प्रत्येक गठ्ठा सुमारे ५२ ओळींचा आहे. लाखमान यांनी यावरून ताडले की ज्या मूळ पोथीवरून या नकला उतरल्या, त्या पोथीची काही पाने सुटून मागे लागली असावीत, आणि पानाच्या प्रत्येक बाजूला २६ ओळी असाव्यात. ती मूळ पोथी कुणी पाहिलेली नाही. ती केव्हाच नष्ट झाली. तरी तिच्या एका पानावर किती ओळी होत्या हे नकलांमधल्या चुकांवरून सांगता आले. चुकांकडे असे पुरावा म्हणून पाहायला शिकवणे, हे या पद्धतीचे मर्म. दोन पोथ्यांत एकच बरोबर पाठ सापडला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर मात्र त्यांचे नाते जवळचे असते. परीक्षेत शेजारी बसलेल्या दोन मुलांचे एकच चुकीचे उत्तर पाहून मास्तर जे ओळखतात, तेच. अशा सामायिक चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष मांडायचा आणि त्याच्या मुळाशी असलेल्या संहितेपर्यंत पोहोचायचे. या पद्धतीला लाखमान यांचे नाव पडले असले तरी तिचे बरेचसे भाग त्यांच्या आधीच्या आणि समकालीन अभ्यासकांनी घडवले होते, हे सेबास्तियानो तिंपनारो या इटालियन अभ्यासकाने १९६३ मध्ये दाखवून दिले. श्रेयाचा हिशेब आमच्याकडे असा शंभर वर्षांनीही फिरतो.

ही पद्धत लॅटिनपुरती राहिली नाही, आणि मराठी वाचकाला तिचा पत्ता लांब शोधावा लागत नाही. विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले आणि नंतर बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हेच ल्यूडर्स महाभारताच्या युरोपात योजलेल्या चिकित्सक आवृत्तीचा नमुना १९०८ मध्ये छापून बसले होते. ती योजना बारगळली आणि काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हाती घेतले. १९२५ पासून सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले, १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले, आणि १,२५९ हस्तलिखितांच्या आधाराने चाललेला हा प्रकल्प १९६६ मध्ये तडीस गेला. ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर घासून तयार झालेले हत्यार व्यासांच्या ग्रंथावर चालले, पण जसेच्या तसे नव्हे. आपल्याकडचे लेखनिक एकाच पोथीवरून मुकाट्याने नक्कल करत नसत. चार पोथ्या समोर ठेवून, चांगले दिसेल ते उचलून, राहिलेले भरून काढत. त्यामुळे वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी हे स्पष्टपणे मांडले आहे: महाभारत ही कधीच एक घट्ट, ठरलेली संहिता नव्हती, ती सतत हलती परंपरा होती. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता दुसरे उदाहरण, ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले: होमर या प्राचीन ग्रीक महाकवीचे अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी. जन्म १९०२, कॅलिफोर्नियातील ओकलंड. बर्कली येथे एम.ए., मग पॅरिसला सॉर्बोन, तिथे १९२८ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलेले दोन प्रबंध, मग हार्वर्डमध्ये अध्यापन, आणि डिसेंबर १९३५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत पिस्तुलाची गोळी लागून मृत्यू. वय ३३. आयुष्यभराचे छापील लेखन एका खंडात मावले, आणि तो खंडही त्यांच्या मुलाने १९७१ मध्ये काढला. मृत्यूच्या दिवशी त्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर आमच्या रसायनशास्त्रज्ञ मित्राने अर्ज बाजूला ठेवला असता.

पॅरी यांनी केले काय, ते समजण्यासाठी त्यांच्या आधीचे भांडण ठाऊक हवे. फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ या जर्मन पंडितांनी १७९५ मध्ये मांडले की होमरच्या काळी लेखन प्रचारात नव्हते, त्यामुळे 'इलियड' आणि 'ओडिसी' ही प्रचंड काव्ये मुळात सुट्या गीतांची असून ती पुढे जोडली गेली. त्यानंतर सव्वाशे वर्षे विद्वानांचे दोन तट पडले. एक पक्ष काव्याची चिरफाड करून जुना थर कोणता, नवा कोणता हे सांगत बसला. दुसरा पक्ष एकाच प्रतिभावंताची बाजू लढवत राहिला. दोन्ही पक्षांच्या मनात होमर टेबलाशी बसून शब्द निवडणाराच होता, फक्त एकाच्या मते टेबले अनेक होती.

पॅरी यांनी हा वाद सोडून दिला आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट हाती घेतली: विशेषणे. 'इलियड'च्या पहिल्याच सर्गात ग्रीकांचा वीर अकिलिस रुसून जहाजांपाशी बसून राहिलेला आहे, आणि त्याच वाक्यात कवी त्याला 'वेगवान पायांचा' म्हणतो. बसलेला माणूस वेगवान पायांचा कसा? अलेक्झांड्रियाच्या प्राचीन टीकाकारांनी उत्तर दिले होते की हे विशेषण त्या क्षणाचे नाही, स्वभावाचे आहे. पॅरी यांनी उत्तर वृत्तात शोधले.

मराठी वाचकाला ल (लघु) आणि गा (गुरू) यांची भाषा ठाऊक आहे, म्हणून हे जवळून पाहता येईल. होमरचे वृत्त सहा गणांचे. प्रत्येक गण 'गा ल ल' किंवा 'गा गा', आणि शेवटचा दोन अक्षरांचा. कवीचे वाक्य ओळीच्या मध्यावर कुठेतरी संपते आणि उरलेली जागा कर्त्याच्या नावाने भरायची असते. किती जागा उरली यावर नाव किती लांब हवे हे ठरते. 'ल गा गा गा ल ल गा गा' एवढी जागा उरली तर अकिलिससाठी 'पोदार्केस दीओस अखिल्लेउस' आहे आणि ओडिसियससाठी 'पोलुत्लास दीओस ओदुस्सेउस'. 'ल ल गा ल ल गा गा' उरली तर 'पोदस ओकुस अखिल्लेउस' आणि 'पोलुमेतिस ओदुस्सेउस'. 'गा ल ल गा गा' उरली तर 'दीओस अखिल्लेउस' आणि 'दीओस ओदुस्सेउस'. तेवढीच जागा उरली पण आधीच्या शब्दामुळे सुरुवात स्वराने व्हायला हवी असेल, तर 'ओकुस अखिल्लेउस' आणि 'एस्थ्लोस ओदुस्सेउस'. देवनागरीत ऱ्हस्व ए आणि ओ लिहिण्याची सोय नसल्यामुळे हे वाचताना थोडी गफलत होते. 'पोदस'मधला पो लघु आहे आणि 'ओकुस'मधला ओ गुरू, एवढे ध्यानात ठेवले की मात्रा जुळतात.

आता अर्थ पाहा. 'पोलुत्लास' म्हणजे पुष्कळ सोसलेला, 'पोलुमेतिस' म्हणजे नाना युक्त्यांचा. ओडिसियस एका ठिकाणी सोसलेला आणि दुसऱ्या ठिकाणी युक्तिबाज का, याचे उत्तर प्रसंगात नाही. ओळीत किती जागा उरली यात आहे. हे एकदोन नावांपुरते असते तर योगायोग म्हणता आला असता. पॅरी यांनी दोन्ही काव्यांतल्या मुख्य देवांची आणि वीरांची सगळी नावे त्यांच्या विशेषणांसह हाताने मांडून तक्ते केले, आणि त्यांतून दोन गोष्टी दिसल्या. एक व्याप्ती: वृत्तातल्या प्रत्येक नेहमीच्या जागेसाठी जवळजवळ प्रत्येक पात्राकडे पदबंध तयार आहे. दुसरी काटकसर: एका जागेसाठी एका पात्राला सहसा एकच पदबंध आहे, दुसरा नाही. एवढी पूर्ण आणि एवढी कसून भरलेली व्यवस्था कुणी एक कवी आयुष्यात घडवू शकत नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या गायकांनी, ओळ जुळवण्याच्या रोजच्या निकडीतून घडवलेली असणार.

आपल्या वाचकाला हे पटावे म्हणून मी वर्गात गीतेचा पहिला अध्याय उघडतो. अनुष्टुभाच्या सम चरणाचा शेवट 'ल गा ल गा' व्हावा लागतो. आता शंख फुंकण्याचे श्लोक म्हणा: 'देवदत्तं धनंजयः', 'भीमकर्मा वृकोदरः', 'कुंतीपुत्रो युधिष्ठिरः'. तिन्ही चरणांच्या शेवटी नाव आहे आणि तिन्ही नावे 'ल गा ल गा' आहेत. तिथे 'अर्जुनः' बसत नाही, 'भीमः' बसत नाही. आपल्याकडे मात्र चरणाचा पूर्वार्ध बराच सैल असतो, त्यामुळे 'कुंतीपुत्रो युधिष्ठिरः' आणि 'धर्मपुत्रो युधिष्ठिरः' एकाच जागी चालून जातात, आणि होमरमध्ये दिसते तेवढी कडक काटकसर महाभारतात दिसत नाही. ज्या हत्याराने साम्य दिसते त्याच हत्याराने फरकही दिसतो, म्हणूनच ते कामाचे.

१९२८ च्या प्रबंधांत पॅरी यांनी एवढेच म्हटले होते की ही शैली पारंपरिक आहे. ती तोंडी आहे, म्हणजे गाताना त्याच वेळी रचली गेली आहे, हे त्या वेळी आपल्या पुरते लक्षात आले नव्हते, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. लक्षात आणून दिले ते आंत्वान मेये या त्यांच्या गुरूंनी आणि मातिया मुर्को या स्लाव्ह भाषांच्या अभ्यासकांनी. मुर्को यांनी युगोस्लाव्हियात गायक अजून महाकाव्ये गातात हे प्रत्यक्ष पाहिले होते. इथे पॅरी यांनी जे केले ते ग्रीकच्या प्राध्यापकाने तोवर केले नव्हते. मेलेल्या भाषेविषयीचे अनुमान तपासायला ते जिवंत भाषेकडे गेले. १९३३ च्या उन्हाळ्यात पहिली फेरी, आणि १९३४-३५ मध्ये पंधरा महिन्यांचा मुक्काम. (पुण्यात आदिपर्व पुरे झाले तेही १९३३ मध्येच. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचे कारण नव्हते, पण तारखा शेजारी ठेवल्या की मला गंमत वाटते.)

सोबत मुद्दाम बनवून घेतलेले ध्वनिमुद्रण यंत्र होते. एका तबकडीवर काही मिनिटेच मावत, आणि गायक तर तासन् तास गाणार. म्हणून यंत्राला दोन फिरत्या चकत्या होत्या, एक भरत आली की दुसरी चालू करायची. अशा ३,५०० हून अधिक ॲल्युमिनियमच्या तबकड्या भरल्या. माँटेनेग्रोतल्या बियेलो पोल्ये गावी अव्दो मेजेदोविच नावाचा खाटिक भेटला, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पॅरी यांनी त्याच्यासमोर मुमिन व्लाहोव्ल्याक या दुसऱ्या गायकाला एक गाणे गायला लावले, जे अव्दोने पूर्वी ऐकलेले नव्हते. ते २,२९४ ओळींचे झाले. मग अव्दोला विचारले, तुला हे गाता येईल का? त्याने तिथेच तेच गाणे गायले आणि ते ६,३१३ ओळींचे झाले. कथा तीच, पण पात्रांच्या मनातले विचार, घोड्यांची वर्णने, बोलणी, सगळे भरून आले. याच अव्दोने १९३५ च्या जुलैमध्ये निकोला वुय्नोविच या मदतनिसाला सांगून लिहून घेतलेले 'स्माइलागिच मेहोचे लग्न' १२,३११ ओळींचे आहे; 'ओडिसी' साधारण तेवढीच. अक्षरशत्रू माणसाला एवढे मोठे काव्य रचता येणारच नाही, हे वोल्फपासून चालत आलेले गृहीत त्या खाटकाने संपवले.

गायकांशी झालेल्या बोलण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. गायक शपथेवर सांगतो की मी हे गाणे शब्दाला शब्द, ओळीला ओळ तसेच गातो, वीस वर्षांनीही तसेच गाईन. मुद्रणे शेजारी ठेवली तर ती जुळत नाहीत. गायक खोटे बोलत नसतो. त्याच्या लेखी 'शब्द' म्हणजे कोशातला शब्द नव्हे. एक अख्खे बोलणे, एक ओळ, कधी एक प्रसंगही त्याच्यासाठी 'शब्द' असतो. लिहिणाऱ्या माणसाने लावलेला 'तसेच'चा अर्थ गाणाऱ्या माणसाला लागू नाही, हे कळल्यापासून मी जुन्या पोथ्यांतले पाठभेद वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

पॅरी गेले तेव्हा हे सगळे तबकड्यांत आणि टिपणांत होते. त्यांचे तरुण सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी पुढची पंचवीस वर्षे त्यावर काम करून १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' प्रसिद्ध केले आणि मग मात्र पूर आला. त्याआधीच, १९५३ मध्ये, फ्रान्सिस मॅगून यांनी जुन्या इंग्रजी काव्यात पॅरींचे पदबंध मोजले होते. एरिक हॅवलॉक यांनी १९६३ मध्ये प्लेटोने कवींना आपल्या आदर्श राज्यातून का हाकलले याचा अर्थ या अंगाने लावला: तोंडी परंपरेत शिक्षण म्हणजेच काव्य होते, आणि प्लेटोला ते शिक्षणच नको होते. मार्शल मॅक्लुहान यांनी छपाईवरील आपल्या १९६२ च्या पुस्तकाची सुरुवात लॉर्ड यांच्या कामाचा धागा धरून केली. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये वाचिकता आणि साक्षरता यांवर लिहिले, ते आज माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतात. बेला बार्टोक हे हंगेरियन संगीतकार १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये पॅरींच्या तबकड्यांतली बायकांची गाणी स्वरलिपीत उतरवत होते. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये निघाले. होमरच्या विशेषणांपासून निघालेला रस्ता संगीतात आणि माध्यमशास्त्रात पोहोचला. या वाटेवर चालणाऱ्या बहुतेकांनी पॅरींचे फ्रेंच प्रबंध उघडलेही नसतील, आणि उद्धरणे मोजणाऱ्या यंत्राला ही वाट दिसत नाही.

पॅरी सगळीकडे बरोबर ठरले असे मात्र नाही. त्यांनी एक पाऊल जास्त टाकले असे माझे मत आहे: ठरीव विशेषण श्रोत्याच्या कानावरून निघून जाते, त्याला तिथे वेगळा अर्थ नसतो, हे त्यांचे म्हणणे मला कधी पटले नाही. त्यांच्याच मुलाने, ॲडम पॅरी यांनी, १९५६ मध्ये एका छोट्या लेखात दाखवले की 'इलियड'च्या नवव्या सर्गात अकिलिस आपल्या समाजाच्या ठरीव भाषेवरचा विश्वासच गमावून बसला आहे आणि ती भाषा वाकडीतिकडी वापरून ते बोलून दाखवतो. 'ओडिसी'च्या आरंभी खुनी एजिस्थसला 'आमुमोन', म्हणजे रूढ अर्थाने 'निष्कलंक', हे विशेषण का लागते हा जुना पेच आहे. विशेषण निव्वळ वृत्तासाठी आहे हे उत्तर ॲडम यांच्या पत्नी ॲन एमरी पॅरी यांना मान्य नव्हते; त्या शब्दाचा अर्थच आपण चुकीचा लावतो, असे त्यांनी एका अख्ख्या पुस्तकात मांडले. ते १९७३ मध्ये आले, तोवर दोघेही १९७१ च्या मोटारसायकल अपघातात गेले होते. मुलगा आणि सून वडिलांशी भांडतात, पण दोघांनाही भांडायला वडिलांचेच तक्ते लागतात.

बाकीच्या मर्यादाही नोंदवतो. पदबंध भरपूर सापडले की काव्य तोंडीच, हा निष्कर्ष लॅरी बेन्सन यांनी १९६६ मध्ये मोडून काढला: लॅटिनमधून लेखणीने भाषांतर केलेल्या जुन्या इंग्रजी कवितांतही तेवढेच पदबंध आहेत. आणि तोंडी परंपरेत संहिता स्थिर राहूच शकत नाही, असे जे पुढे सरसकट म्हटले जाऊ लागले, त्याला सगळ्यात मोठा अपवाद आपल्याकडे आहे. पदपाठ, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांनी वैदिकांनी ऋग्वेदाची अक्षरे आणि स्वर तोंडीच राखले. ज्याने वेदपाठशाळेत घनपाठ ऐकला आहे, त्याला बियेलो पोल्येच्या खाटकाचा नियम जगाला लावता येणार नाही हे ऐकूनच कळते. वेद राखायचे असतात, महाकाव्य गायचे असते. दोन्ही तोंडी, पण जात वेगळी.

आता त्या लक्षात ठेवायला सांगितलेल्या वाक्याकडे येतो. लाखमान यांची पद्धत धरून चालते की मुळाशी एक संहिता होती. पॅरी आणि लॉर्ड सांगतात की गायकाच्या परंपरेत 'मूळ' हा शब्दच निरर्थक आहे, प्रत्येक गायन तेवढेच मूळ. मग पुण्याची आवृत्ती काय शोधते? या प्रश्नावर महाभारताचे अभ्यासक आजही भांडतात. माझे मत असे की सुकथनकरांनी परंपरा हलती आहे हे मान्य करूनच पोथ्यांवरून जेवढे मागे जाता येते तेवढेच मागे जाण्याचे काम पत्करले, आणि गायकाच्या तोंडून निघालेला पहिला श्लोक आपण देतो असा दावा केला नाही. त्यामुळे त्यांचे काम पॅरींच्या माऱ्यातून बरेचसे वाचते. पण हा प्रश्न आज नेमका विचारता येतो, तो ग्रीक-लॅटिनमधून निघालेली दोन हत्यारे एकाच ग्रंथावर समोरासमोर आली म्हणून.

याच आवृत्तीने गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली, कारण पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूने नाही. निर्णय बरोबर आहे. पण लॉर्ड यांनी १९५३ मध्ये होमरचे काव्य गायकाने सांगून लेखनिकाने टिपले असावे अशी मांडणी केली, ती वाचल्यावर मी त्या परिशिष्टाकडे परत गेलो. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय लिहायचे नाही ही व्यासांची. आणि मग सवड मिळावी म्हणून मधूनमधून घातलेले कूटश्लोक. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळत नाही, हे अव्दोसमोर बसलेल्या निकोलाला रोज अनुभवावे लागले असेल. कथा उशिराची असली तरी ती रचणाऱ्याने सांगणारा आणि लिहिणारा समोरासमोर बसलेले कुठेतरी पाहिले असावे, असे मला वाटते.

तेव्हा भाचीला तिच्या उद्धरणांविषयी विचारू नका. कोणत्या ओळीवर अडली आहेस, कोणत्या पोथीचे फोटो मागवलेस, आणि तुझे म्हणणे खरे निघाले तर आतापर्यंतचे कोणते विधान पुन्हा करता येणार नाही, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिला वर्षे लागतील, आणि तसे लागणेच योग्य.

समितीतल्या त्या बाईंची निवड झाली नाही. चारएक वर्षांनी त्याच लॅटिन कवीची दुसऱ्या देशात निघालेली नवी आवृत्ती माझ्याकडे परीक्षणासाठी आली. एका ओळीत पूर्वीच्या सगळ्या आवृत्त्यांत असलेला शब्द बदललेला होता, आणि तळाशी, पाठभेदांच्या बारीक टायपात, नव्या शब्दापुढे त्यांचे आडनाव होते. पुढे काहीच लिहिलेले नव्हते, कारण तिथे काही लिहीत नाहीत.